दोन्ही काटे खाली

मी पुठ्ठ्याचं घड्याळ बोलतोय. माझ्यात आत्ता साडेसहा वाजलेत. समोर शाळेच्या ऑफिसच्या दारावर जे खरं, सेलवर चालणारं घड्याळ आहे, त्यात सहाला पाच कमी आहेत. तुम्ही म्हणाल, पुठ्ठ्याचंच ते, चुकायचंच. पण मी चुकलेलो नाही. मी मुद्दाम पस्तीस मिनिटं पुढे आहे. व्हरांड्यातल्या बाकावर पहिलीतली ऐश्वर्या बसलीय आणि मी तिच्या मांडीवर आहे. तिची आई साडेसहाला येणार आहे. तेवढ्यात माझी कहाणी सांगून होते का बघतो. जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या. आयुष्याचे पहिले काही महिने मला एक मिनिटसुद्धा पुढे सरकता आलं नव्हतं, त्याची भरपाई बोलण्यात होते.

माझा जन्म डोंबिवलीत झाला, डिसेंबरातल्या एका रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर. त्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर निरोप आला होता: ‘इयत्ता दुसरी. टाकाऊपासून टिकाऊ. विषय घड्याळ. पाल्याने स्वतः तयार करावे. पालकांनी मदत करू नये. सोमवारी आणावे.’ हा निरोप वाचून बावन्न घरांतले बाबा लोक कामाला लागले.

आमच्या घरातल्या बाबाचं नाव सौमित्र. तो ऐरोलीला एका कंपनीत इंजिनिअर आहे. आई हेमांगी माजिवड्याच्या एका ऑफिसात. त्यांची मुलगी सान्वी, दुसरीत. घर नीटनेटकं. इतकं की टाकाऊ म्हणावं असं काही सापडेना. रद्दी नुकतीच गेली होती, रिकामे डबे भांडीवाल्या मावशींनी नेले होते. टाकाऊ वस्तू नाही म्हणजे आता काय करायचं, या विचाराने सौमित्र थोडा वेळ खरोखर हवालदिल झाला. मग चपला घालून स्टेशनरीच्या दुकानात गेला.

त्याने तोंड उघडायच्या आत दुकानदाराने विचारलं, "दुसरी का? घड्याळ? हा घ्या टाकाऊचा सेट."

त्या सेटमध्ये मी होतो. केकखाली ठेवतात ती गोल सोनेरी पुठ्ठ्याची तबकडी. कोरी करकरीत. माझ्यावर कधी केक ठेवला गेला नाही, कुणी माझ्यासमोर मेणबत्ती फुंकली नाही. माझ्याबरोबर आईस्क्रीमच्या काड्या होत्या, त्यांनी आईस्क्रीम पाहिलेलं नव्हतं. असे आम्ही सगळे नवेकोरे टाकाऊ पिशवीत बसून घरी आलो.

सगळ्यात आधी मी सान्वीच्या हातात गेलो. ती जमिनीवर पालथी पडली, मला उलटं केलं आणि माझ्या मागच्या तपकिरी बाजूवर निळ्या स्केचपेनने आकडे लिहायला लागली. सुरुवात एकपासून, अगदी वरती. मोठे, ऐसपैस आकडे. सातापर्यंत आली तोवर गोल पूर्ण होत आला होता. उरलेले पाच आकडे तिने सात आणि एकच्या मधल्या फटीत बसवले. शेअर रिक्षात चौथा माणूस बसवतात तसे ते मांडीला मांडी लावून बसले. मला ते आवडलं होतं. अजून आवडतं.

सौमित्र वाकून बघत म्हणाला, "छान आहे गं. पण असं नाही ना देता येणार. जागा संपली बघ."

"मग जागा कशी ठेवायची?" सान्वीने विचारलं.

"मी करतो. तू टेप धर."

प्रश्न चांगला होता. उत्तर सोपं होतं. पण तेवढ्यात लॅपटॉप उघडला गेला, आणि मग सान्वीने टेप धरली.

सौमित्रने माझ्या सोनेरी बाजूवर कोनमापक लावून तीस तीस अंशांच्या खुणा केल्या. आकडे प्रिंट करून कापले. लाल कार्डपेपरचे दोन काटे, एक लांब, एक आखूड. मधोमध शर्टाचं बटण. इतकं मन लावून तो ऑफिसचंही काम करत नसेल. काटे ठेवले दहा वाजून दहा मिनिटांवर, कारण जाहिरातीतली घड्याळं तशीच असतात.

"बाबा, काटे फिरणार ना?" टेप धरून सान्वीने विचारलं.

"फिरते ठेवले तर ढिले पडतात, पिल्लू. मग दोन्ही काटे खाली लोंबतात आणि सगळ्या फोटोंत साडेसहाच वाजलेले दिसतात. बरं नाही दिसत ते." असं म्हणून त्याने घट्ट गोंदाची बारीक ट्यूब घेतली आणि माझे दोन्ही काटे कायमचे चिकटवून टाकले.

मग तो मागे सरकून बघत बसला. मी फारच नवा दिसत होतो. म्हणून त्याने वर्तमानपत्राचं एक पान माझ्या पाठीवर चिकटवलं, टाकाऊ वाटावं म्हणून. सान्वीचे निळे आकडे त्याखाली गेले. आणि सगळं मुलीनेच केलंय असं दिसावं म्हणून त्याने आठाचा आकडा काढला आणि जरासा तिरका करून पुन्हा लावला.

हेमांगी चहा घेऊन आली. "अरे, यात तिने काय केलं?"

"टेप धरली ना."

"हो, टेप छान धरलीय," हेमांगी म्हणाली आणि कप ठेवून गेली.

सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन भरलं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि माझा गर्व थोडा उतरला. लांब टेबलावर जवळजवळ सगळ्याच घड्याळांत दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. सगळ्यांच्या बाबांनी त्याच जाहिराती बघितलेल्या. एकच घड्याळ मुलाने स्वतः केलेलं होतं. त्याचे काटे झाडूच्या काड्यांचे होते आणि ते फिरत होते. ते पाण्याच्या पिंपामागे ठेवलं होतं, बहुतेक ओलं होऊ नये म्हणून.

प्रमुख पाहुणे शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. माझ्यासमोर थांबले. "वा. किती वाजलेत बाळ यात?"

"दहा वाजून दहा मिनिटं," सान्वी म्हणाली. सकाळपासून तिच्याकडून वीस वेळा पाठ करून घेतलं होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांना उत्साह आला. "आणि आता अकरा वाजवून दाखव बघू," म्हणत त्यांनीच माझा मोठा काटा धरला. काटा हलेना. सान्वीचा चेहरा उतरला. मागून सौमित्र घाईने म्हणाला, "सर, जरा नाजूक आहे ते."

पाहुण्यांनी हात मागे घेतला. नाजूक वस्तूबद्दल आपल्याकडे फार आदर आहे. मला पहिला नंबर मिळाला.

पहिल्या नंबराचं बक्षीस म्हणून मला काचेच्या कपाटात बंद करण्यात आलं. हे कपाट व्हरांड्यात, ऑफिसच्या समोर आहे. वर कागद चिकटवलाय: ‘शैक्षणिक साहित्य. हात लावू नये.’ आत माझ्यासारखे बरेच जण होते. दहा दहा काड्यांचे गठ्ठे होते, एकक-दशक शिकवायला. रबर तुटतील म्हणून ते कधी सोडले गेले नव्हते. प्लॅस्टिकची मुळाक्षरं होती, अजून पाकिटातच. एक तराजू होता, त्याने जन्मात काही तोललेलं नव्हतं. मुलांनी हाताळून शिकावं म्हणून आम्हाला बनवलं होतं, आणि मुलं हाताळतील म्हणून आम्हाला कुलूप होतं. तपासणीच्या दिवशी मात्र आमची धूळ पुसली जायची. तराजू म्हणायचा, सुखात आहोत आपण. मीही हो म्हणायचो. मला तेव्हा वेळ कळत नव्हती, मग बाकीचं काय कळणार?

जानेवारीत दुसरीच्या वर्गात वेळेचा धडा आला. सोनल टीचर नव्या होत्या, हुशार होत्या आणि मुलांवर त्यांचा जीव होता, हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. त्यांनी घरी बसून उपक्रम तयार केला होता. मैदानात खडूने मोठं वर्तुळ, बारा मुलं बारा आकडे होणार, एक उंच मुलगा मोठा काटा, एक ठेंगणी मुलगी लहान काटा. टीचर वेळ सांगणार आणि काट्यांनी धावत जाऊन उभं राहायचं. असा खेळ महिनाभर चालला असता तर त्या वर्गातल्या पोरांनी झोपेतसुद्धा वेळ सांगितली असती.

पण उपक्रमाचे फोटो तीनच्या आत वर पाठवायचे होते. वर म्हणजे कुठे, ते मला माहीत नाही, टीचरनाही नसावं. आधी ‘खेळातून शिक्षण’ असा फलक धरायला चार मुलं लागली. फलकामागे पाच ते आठ हे आकडे दिसेनात, म्हणून आकड्यांना जागा बदलायला सांगितली. सहा गेला दोनच्या शेजारी. मग शोभेसाठी मला कपाटातून आणलं आणि वर्तुळाच्या मधोमध सान्वीच्या हातात दिलं. उन्हात डोळे मिटतायत म्हणून फोटो पुन्हा काढले. खेळ खेळायला उरली तीन मिनिटं. मोठा काटा दोनदा धावला आणि घंटा झाली.

वर्गात आल्यावर टीचरनी विचारलं, "कुणाला नाही समजलं? हात वर करा. घाबरू नका."

सान्वीने हात वर केला. पुरता नाही, कानापर्यंत.

"सान्वी? तुझा हात कशाला गं? घड्याळात तर तुझा पहिला नंबर आलाय."

वर्ग हसला. सान्वीही हसली आणि वर गेलेल्या हाताने केसातली क्लिप नीट केली, जणू हात त्यासाठीच वर गेला होता. मी तेव्हा टीचरच्या टेबलावर होतो, दहा वाजून दहा मिनिटं दाखवत. लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तिला आता कुणाला विचारायची सोय मीच ठेवली नव्हती.

यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. सात वर्षांच्या मुलीला घड्याळ कळलं नाही तर पुढच्या वर्षी कळेल. पण मी कपाटातून रोज काय बघायचो ते सांगतो.

शाळा पावणेसहाला सुटते. व्हॅनची मुलं जातात, रिक्षाची जातात. सान्वीला घ्यायला हेमांगी माजिवड्याहून परस्पर शाळेत येते, साडेसहाला. सौमित्रला त्याहून उशीर होतो. तोवर सान्वी या बाकावर बसायची. सोबतीला रखमाबाई. रखमाबाई म्हणजे शाळेच्या शिपाई, खडवलीच्या. मुलं त्यांना मावशी म्हणतात. वर्ग झाडायचे, खिडक्या लावायच्या आणि शेवटचं मूल जाईपर्यंत थांबायचं, हे त्यांचं काम.

"मावशी, आई कधी येणार?"

"साडेसाला."

सान्वी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. त्यात दोन काटे आणि बारा आकडे दिसायचे, साडेसहा काही दिसायचे नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा विचारायची. मावशी झाडता झाडता पुन्हा सांगायच्या. तिसऱ्यांदा विचारायची तिला लाज वाटायची. मग ती नुसती फाटकाकडे बघत बसायची. दप्तर कधी पाठीवरून काढायची नाही. पट्टे दोन्ही मुठींत धरलेले. आई आली की एकदम सुटल्यासारखी धावायची. हेमांगीला वाटायचं, किती लाड येतात पोरीला.

ती गोष्ट फेब्रुवारीतली. रखमाबाई वरच्या मजल्यावर खिडक्या लावायला गेल्या होत्या. भिंतीवर सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. सान्वीने घड्याळाकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं, आणि उठली. मी काचेआडून बघत होतो. ती फाटकातून बाहेर गेली आणि उजवीकडे वळली, रस्त्याकडे. संध्याकाळची वेळ, तो रस्ता तुम्हाला माहीत असेल. डंपर, रिक्षा, उलट्या बाजूने येणारे बाइकवाले. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. माझ्यात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

रखमाबाई खाली आल्या. रिकामा बाक पाहिला आणि झाडू टाकून पळाल्या. साठीला आलेली बाई, पण कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी त्यांनी तिला गाठलं. हाताला धरून आणलं तेव्हा दोघी धापा टाकत होत्या.

"कुठं चालली व्हतीस गो?"

"आईला शोधायला. साडेसहा होऊन गेले ना."

"कुठं होऊन गेले? आता कुठं सा वाजलेत. ते बग ना घड्याल."

सान्वी बघेना. खाली मान घालून उभी राहिली. रखमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कपाटात माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर पहिल्या नंबराची तिरंगी फीत लावलेली होती.

"अगं, घड्यालाचा पयला नंबर तुजाच ना?"

"माझा नाही," सान्वी म्हणाली. मग रडायलाच लागली. "बाबाचा आहे. मी फक्त टेप धरलेली."

रखमाबाई कपाटापाशी गेल्या. कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं आणि मला बाहेर घेतलं. तराजूने श्वास रोखला असावा. त्यांनी माझा मोठा काटा फिरवून बघितला.

"चिकटवलंय ते," सान्वी नाक पुसत म्हणाली.

"चिकटिवलं? मंग वेल कशी दावायची यानं?"

एवढी सरळ शंका प्रदर्शनात कुणालाच आली नव्हती. रखमाबाईंनी आपल्या डब्यातला चमचा आणला, त्याची दांडी काट्याखाली घातली आणि जोर लावला. गोंद पक्का होता, सौमित्र काम अर्धवट करत नाही. काटे निघाले, पण त्यांच्याबरोबर माझा सोनेरी कागद, बटण आणि तिरका आठही निघाला. माझं तोंड मध्यापासून फाटलं. मी दिसण्यावर जगणारा होतो. त्या क्षणी मला वाटलं, संपलं सगळं.

रखमाबाईंनी मला उलटं केलं. वर्तमानपत्र सोलून काढलं. खाली सान्वीचे निळे आकडे निघाले, सात आणि एकच्या मध्ये गर्दी करून बसलेले. रखमाबाई हसल्या.

"सगल्यांना एकाच बाकावर बसवलंस व्हय?"

"जागा कशी ठेवायची मला माहीत नव्हतं."

"सोप्पं हाय. आदी बारा लिव, डोक्यावर. मंग सा, पायाशी. मंग हिकडं तीन नि हिकडं नऊ. मंग राह्यलेले मधी दोन दोन."

डिसेंबरात डोंबिवलीच्या एका दिवाणखान्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फेब्रुवारीत व्हरांड्यात मिळालं, तेही चौथीपर्यंत शिकलेल्या बाईकडून. सान्वीने रखमाबाईंचं हजेरीचं काळं पेन घेतलं आणि जुन्या आकड्यांवरून नवे लिहिले. नऊ थोडा खाली घसरला. बाकी ठीक होते.

मग रखमाबाईंनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, दोन्ही काट्यांतून आणि माझ्यातून आरपार घातली आणि मला उभं धरलं. काटे ढिले होते. दोन्ही सरसर खाली आले आणि लोंबत राहिले.

"हे बग," रखमाबाई म्हणाल्या, "झाले साडेसा. तुजी आई यायची वेल."

सान्वी बघत राहिली. सौमित्रला जे फोटोत नको होतं, नेमकं तेच तिला हवं होतं. साडेसहाला लहान काटा सहाच्या जरा पुढे असतो, हे मला माहीत आहे. रखमाबाईंनीही तो बोटाने एवढासा सरकवला. मग मला बाकावर भिंतीला टेकवून ठेवलं.

"आकडं आता राव देत. एवढंच कर. हे हितं असंच राहील. भितीवरचा मोठा काटा आता खाली उतरतोय बग, घसरगुंडीवरनं उतरतो तसा. ते घड्याल ह्याच्यासारकं दिसाय लागलं का आई आली. तोवर भ्यायचं नाय."

मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शिकवत होतो. उपक्रमाचं नाव नव्हतं, फलक नव्हता, फोटो कुणी काढला नाही. सान्वी माझ्याकडे बघायची, भिंतीकडे बघायची. मधेच तिने विचारलं, "आता एवढं राहिलं ना?" आणि बोटांनी फट दाखवली. रखमाबाई म्हणाल्या, "हां, एवढंच." थोड्या वेळाने फट लहान झाली.

हेमांगी आली तेव्हा मोठा काटा सातच्या पुढे गेला होता. माजिवड्याच्या पुलाखाली ट्रॅफिक होतं, ती सांगत होती. सान्वी धावली नाही. बाकावरूनच म्हणाली, "आई, तू आज साडेसहाच्या पुढे आलीस."

"अगं? तुला कळतं?"

"आत्ता कळलं."

"आणि आधी?"

"आधी मला वाटायचं, तू येणारच नाहीयेस."

हेमांगीने पर्स खाली ठेवली. "रोज वाटायचं?"

"रोज."

रखमाबाईंनी मग फाटकाबाहेरची गोष्टही सांगितली, काही लपवलं नाही. हेमांगी बाकावर बसली आणि बराच वेळ सान्वीला धरून राहिली. मला त्या दोघींच्या मधे चेपल्यासारखं झालं होतं. माझ्या पुठ्ठ्यावर आजही एक घडी आहे, ती तेव्हाची.

दुसऱ्या दिवशी मात्र गहजब झाला. ठाण्याच्या मोठ्या प्रदर्शनासाठी माझी निवड झालेली होती, माझं नाव वर गेलं होतं आणि मी फाटलो होतो. मुख्याध्यापिकाबाईंनी रखमाबाईंकडे लेखी खुलासा मागितला: ‘शैक्षणिक साहित्याची मोडतोड का केली?’ नोकरीची दोन वर्षं राहिलेली. रखमाबाई ऑफिसबाहेर कागद हातात घेऊन उभ्या राहिल्या. लिहायचं काय, त्यांना सुचेना. त्यांना वाईट वाटत होतं, पण चूक काय झाली ते कळत नव्हतं.

सोनल टीचर जात होत्या. त्यांनी कागद वाचला. मग रखमाबाईंकडून सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा हात आपोआप कानाशी गेला आणि तिथेच थांबला.

"मावशी, तिने वर्गात हात वर केला होता," त्या म्हणाल्या. "मीच खाली करायला लावला."

खुलासा मग टीचरनीच लिहिला. मला तो पाठ आहे. ‘सदर साहित्य एका विद्यार्थिनीने शिकण्यासाठी वापरले, त्यामुळे फाटले. ते यापुढे कपाटात न ठेवता वर्गात ठेवावे, ही विनंती.’ खाली स्वतःची सही केली. मुख्याध्यापिकाबाईंनी कागद दोनदा वाचला. "वापरलं?" त्यांनी विचारलं. अशा कारणाने काही फाटल्याचं त्यांच्या कारकिर्दीत प्रथमच घडत होतं. कोणता शेरा मारायचा ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ‘पाहिले’ असं लिहून सोडून दिलं.

त्या शनिवारी सौमित्र आला. बरोबर गोंदाची ट्यूब होती. माझं फाटलेलं तोंड बघून त्याला वाईट वाटलं, ते स्वाभाविक होतं. शेवटी माझा बाप तो.

"बाबा, तू विचार मला," सान्वी म्हणाली.

त्याने माझे काटे फिरवले. चार वाजवले. तिने सांगितलं. सव्वानऊ वाजवले, तिने जरा थांबून सांगितलं. पावणेतीनला ती अडली, ओठ चावला, आणि मग बरोबर सांगितलं. सौमित्र फिरवत राहिला. ट्यूब त्याने खिशात ठेवून दिली. नंतर माझ्या पाठीवरचे जुने निळे आकडे नव्यांच्या खालून दिसत होते त्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे मी झाकलेलं."

"हो," सान्वी म्हणाली. "पण तू टेप धर म्हणालास ना."

ठाण्याच्या यादीतून नाव काढता येत नव्हतं, म्हणून त्याने दुसरं घड्याळ केलं. पुन्हा टाकाऊचा सेट आणला. या खेपेला काटे फिरते ठेवले. प्रदर्शनात ते दिवसभर लोंबत राहिले आणि परीक्षकांनी ‘काटे नीट बसवलेले नाहीत’ असा शेरा दिला. सहभागाचं प्रमाणपत्र घरी आलं. सान्वीने ते बाबाच्या टेबलावर ठेवलं. "हे तुझं," म्हणाली. हे तिनेच रखमाबाईंना बाकावर बसून सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

मी आता पहिलीच्या वर्गात खिळ्याला असतो. माझी सेफ्टी पिन तीनदा बदललीय. मोठ्या काट्याचं टोक कुणीतरी चावलंय. कडेला पोळीचं तेल लागलंय, सोनेरी बाजूवर कुणीतरी मांजर काढलंय. काड्यांचे गठ्ठे सोनल टीचरनी सोडले. त्यातल्या बऱ्याच हरवल्या, उरलेल्या मुलं मोजतात. तराजू अजून कपाटात आहे. जाता येता भेटतो. त्याला पुरस्कारासाठी पाठवायचं चाललंय म्हणे.

सान्वी आता तिसरीत आहे. आजही याच बाकावर बसून गणित करतेय. जूनमध्ये ऐश्वर्या आली. पहिल्या आठवड्यात तिने तिसऱ्यांदा "आई कधी येणार" विचारलं, तेव्हा रखमाबाई उठायच्या आत सान्वी वर्गात गेली, मला खिळ्यावरून काढलं, तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "ते ह्याच्यासारखं दिसलं की येणार. तोवर घाबरायचं नाही." तेव्हापासून रोज पावणेसहानंतर माझी ही ड्यूटी असते.

जाता जाता एक मागणं आहे. घरोघरचे बाबा लोक, आई लोक, पुढच्या वेळी ग्रुपवर निरोप आला की जरा बसून राहा. आकडे दाटीवाटीने बसू द्या. नऊ घसरू द्या. हवं तर टेप तुम्ही धरा. आणि आमच्यासारख्यांना फाटेपर्यंत वापरू द्या. दहा वाजून दहा मिनिटं मी तीन महिने दाखवली, त्या वेळेला कुणाचीही आई येत नव्हती.

बोलता बोलता भिंतीवरचा मोठा काटा पाचपाशी आलाय. फाटकात अजून कुणी नाही. ऐश्वर्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिकडे. बोटांनी फट मोजली. मग पाठीवरचं दप्तर काढून तिने बाकावर बाजूला ठेवलं.